बाबांना मेसेज गेला

गाडी आईच्या नावावर, फास्टॅग बाबांच्या फोनवर आणि किल्ली मुलाच्या खिशात, अशी वाटणी आता घराघरांत असते. बोरिवलीच्या माझ्या एका मित्राकडेही तीच आहे. मागच्या महिन्यातल्या एका शनिवारी मुलगा सकाळी 'वसईला मित्राकडे अभ्यासाला चाललोय' म्हणून निघाला. अभ्यासाला गाडी कशाला लागते, हा प्रश्न आईच्या ओठांवर आला होता. पण तिने पोळी उलटली आणि प्रश्न तव्यावरच ठेवला.

थोड्या वेळाने बाबांचा फोन वाजला. खानिवडे टोल नाका, इतके रुपये वजा. बाबांनी चष्मा कपाळावर नेला आणि पुन्हा खाली आणला. खानिवडे म्हणजे विरारच्या पलीकडे. म्हणजे वसई मागे पडली. पण असेल, मित्राचे मामा विरारला असतील. तरुण मुलाच्या बापाला थोडा भाबडेपणा अंगी बाणवावाच लागतो.

तासाभराने दुसरा मेसेज आला. चारोटी.

विरारला मामा असू शकतात, चारोटीला कोण? चारोटीला डावीकडे वळलं की डहाणू, उजवीकडे वळलं की कासा आणि पुढे जव्हार. सरळ गेलं की तलासरी, अच्छाड, मग गुजरात, आणि वापीहून डावीकडे वळलं की दमण. गुजरातेत दारूबंदी आहे, दमणला नाही. शनिवारी सकाळी चारोटीचा टोल ओलांडणाऱ्या तरुणाबद्दल नकाशाच एवढं सांगतो, की वेगळा खबऱ्या नेमायची गरज पडत नाही.

बाबांनी फोन लावला.

"कुठे आहेस?"

"वसईला."

"चारोटी कधीपासून वसईत आलं?"

पलीकडे एक श्वासभर शांतता. मग पोरगा म्हणाला, "बाबा, महालक्ष्मीला आलोय दर्शनाला. परीक्षा जवळ आली ना."

पोरगा बापाचाच. विवळवेढ्याची महालक्ष्मी हायवेलगतच आहे आणि नवसाला पावते. "बरं, प्रसाद आण," एवढं बोलून बाबांनी फोन ठेवला. परतीचा चारोटीचा मेसेज रात्री पावणेबाराला आला. बारा-तेरा तास दर्शन. चैत्र पौर्णिमेच्या यात्रेतही एवढी रांग लागत नाही.

पूर्वी ही कामं आजीकडे असायची. ती ओट्यावर बसून कोण आलं, कोण गेलं, कोणाच्या हातात पिशवी होती आणि येताना ती का नव्हती, याची नोंद ठेवायची. तिच्या जोडीला एसटीचा कंडक्टर, नाक्यावरचा पानवाला आणि गावचा पोलीस पाटील. पण त्या सगळ्या यंत्रणेत एक सोय होती. आजीला अडकित्ता आणि चांगली सुपारी आणून दिली की तिला त्या दिवशीचं नीट आठवत नसे. टोल नाक्यावरच्या यंत्राला सुपारी चालत नाही.

*

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं, की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. निकाल मोठा आहे, शेकडो पानांचा. त्यात फक्त त्या हक्काचा दर लिहायचा राहिला. तो पुढे टोल नाक्यावर ठरला. फेब्रुवारी २०२१ पासून फास्टॅग सक्तीचा झाला आणि ज्याला टॅग नको त्याने रोख भरावे, दुप्पट. १५ नोव्हेंबर २०२५ पासून त्यात मधला वर्गही निघाला: टॅग नसेल आणि यूपीआयने भरलेत तर सव्वापट. म्हणजे जो आपला माग ठेवून जाईल त्याला सूट आणि जो नोटा मोजेल त्याला दंड. खासगीपणाचा इतका स्वच्छ दरफलक जगात दुसरीकडे क्वचित लागला असेल.

आणि दुप्पट भरूनही मिळतं काय? नाक्यावरचा कॅमेरा नंबरप्लेटचा फोटो काढतोच. बाबांपासून सुटका होते, सरकारपासून नाही. माझ्या मित्राच्या मुलाला बाबांचीच भीती होती, त्यामुळे त्याने खरं तर रोख भरायला हवं होतं. पण आजची मुलं सगळं शिकतात, पाकिटात पैसे ठेवायला शिकत नाहीत.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. अमेरिकेत टोलच्या 'ई-झेडपास'च्या नोंदी घटस्फोटाच्या खटल्यांत पुरावा म्हणून दाखल होऊ लागल्या, त्यालाही आता जवळपास वीस वर्षं झाली. मीटिंगला आहे म्हणणारा नवरा कोणत्या पुलावरून किती वाजता गेला, ते टोलखात्याच्या कागदावर निघायचं. आपल्या सुप्रीम कोर्टानेही १४ जुलै २०२५ रोजी सांगून टाकलं, की नवरा-बायकोने एकमेकांचं बोलणं चोरून टेप केलं असेल तर ते घटस्फोटाच्या खटल्यात पुरावा म्हणून चालेल. कोर्टाचं म्हणणं असं, की जोडीदारावर पाळत ठेवायची वेळ आली म्हणजे विश्वास आधीच गेलेला असतो. खरं आहे. पण पाळतीचं साधन उशाशीच चार्जिंगला लावलेलं असेल, तर वेळ यायला वेळ लागत नाही.

परवा चारोटी नाक्यावर एका ट्रकच्या काचेपुढे उभा होतो. काचेच्या आतून वर मधोमध फास्टॅग चिकटवलेला. त्याच काचेखाली, बंपरला, लिंबू-मिरची आणि काळी बाहुली लोंबत होती. एक वस्तू दिसावं म्हणून, दुसरी दिसू नये म्हणून. ड्रायव्हरला विचारलं, यातलं जास्त चालतं कोणतं? तो म्हणाला, "लिंबू दर शनिवारी बदलावं लागतं. टॅग एकदा लावला की झालं." नजर लागण्याच्या धंद्यात कोण टिकाऊ निघालं, ते याहून सोपं सांगता येणार नाही.

तिथेच शेजारच्या टपरीवर पाटी होती: 'आपण सीसीटीव्हीच्या निगराणीखाली आहात.' मी वर-खाली बघितलं, कॅमेरा दिसेना.

"कॅमेरा चालू आहे का, भाऊ?"

"पाटी चालू आहे," भाऊ म्हणाले आणि चहा ओतला.

*

आता थोडं त्या दुपारकडे वळू, जिच्यामुळे चारोटी हे नाव देशभरच्या टीव्हीवर गेलं. ४ सप्टेंबर २०२२, रविवार. टाटा सन्सचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री ज्या मर्सिडीजमध्ये मागच्या सीटवर होते ती गाडी इथल्या सूर्या नदीच्या पुलावर कठड्याला धडकली. ते आणि शेजारी बसलेले जहांगीर पंडोल, दोघेही गेले. मागे बसलेल्या दोघांनीही सीट बेल्ट लावला नव्हता.

मग यंत्रं बोलायला लागली. आधीच्या तपासणी नाक्यावरच्या कॅमेऱ्यात गाडी २ वाजून २१ मिनिटांनी दिसली होती आणि अपघात अडीचच्या सुमाराला झाला. पोलिसांनी हिशेब मांडला: वीस किलोमीटर, नऊ मिनिटं. भागाकार कोणीही करावा, ताशी १३३ येतो. शिवाय गाडीत स्वतःची स्मरणशक्ती होती, ती चिप उलगडायला जर्मनीला गेली. कंपनीने कळवलं, की धडकेच्या पाच सेकंद आधी ब्रेक दाबला तेव्हा वेग ताशी १०० होता आणि आदळताना ८९. माणसाच्या शेवटच्या पाच सेकंदांचा असा जमाखर्च पूर्वी फक्त चित्रगुप्ताकडे असायचा, आता तो विमानाने जातो-येतो.

या सगळ्यात एक आकडा आला आणि दोन दिवसांत विरून गेला. घोडबंदर ते दापचरी या शंभरेक किलोमीटरच्या पट्ट्यात त्या वर्षी तोवर २६२ अपघात झाले होते आणि ६२ माणसं गेली होती. त्यातली २६ एकट्या चारोटीच्या आसपास. या सव्वीस जणांच्या दुचाक्यांत, टेम्पोंत आणि चपलांत कुठे चिप नव्हती, आणि असती तरी ती जर्मनीला कोणी पाठवली नसती. आणि त्यानंतरच्या तपासातलं मला सगळ्यात बोचलेलं वाक्य वेगाबद्दलचं नव्हतंच. न्यायवैद्यक तपासणी करणाऱ्या सात जणांच्या पथकाने सांगितलं, की पुलाचा आराखडाच चुकलेला होता. कठड्याची भिंत रस्त्याच्या कडेच्या मार्गिकेत घुसलेली होती.

ती भिंत काही त्या रविवारी उगवली नव्हती. रोज तिच्यासमोरून हजारो गाड्या जात होत्या. नाक्यानाक्यांवर प्रत्येकीचा नंबर टिपला जात होता, टोल कापला जात होता, मेसेज बाबांना जात होता. गाड्यांवर लक्ष होतं, भिंतीकडे नव्हतं. मराठीत लक्ष ठेवणं वेगळं आणि लक्ष देणं वेगळं. आपल्या सरकारला पहिलं क्रियापद तोंडपाठ आहे.

अपघातानंतर मुंबईत १ नोव्हेंबर २०२२ पासून मागच्या सीटवरही बेल्ट सक्तीचा झाला. योग्यच झालं. माणसाला बांधणं भिंत हलवण्यापेक्षा नेहमीच लवकर होतं.

*

हायवे सोडून आत गेलं की पाळतीचं दुसरं रूप भेटतं. तिथे काच वर करायला गाडीच नसते. 'माझी माहिती कुठे जाते' असं विचारायची तिथे सोय नाही, कारण माहिती नाही दिली तर तांदूळ येत नाही.

महाराष्ट्राने १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमी चालवून देशाला दाखवली, तेव्हा हजेरी मुकादम घ्यायचा. मुकादम चोऱ्या करायचा, पण त्याला निदान माणसं नावाने ठाऊक असायची. १ जानेवारी २०२३ पासून मनरेगाच्या कामावर मजुरांचा दिवसातून दोनदा फोटो काढून तो जागेच्या नोंदीसह ॲपवर चढवणं सक्तीचं झालं. सकाळी एक, दुपारी एक. काम सकाळीच उरकलं तरी दुसऱ्या फोटोसाठी बाया घमेलं उशाला घेऊन उन्हात बसून राहायच्या. डोंगरात नेटवर्क नसलं तर फोटो चढत नाही, फोटो चढला नाही तर हजेरी नाही, हजेरी नाही तर मजुरी नाही. खड्डा खणलेला असतो, पण खड्ड्याला सिग्नल नसतो.

त्यातून जे व्हायचं तेच झालं. जुलै २०२५ मध्ये केंद्राच्या ग्रामविकास मंत्रालयालाच पत्रक काढून सांगावं लागलं, की ॲपवर भलतेसलते फोटो चढतायत. कामाशी संबंध नसलेले फोटो. एकाच फोटोत दिसणारी तीच माणसं अनेक हजेरीपटांवर. फोटोत बायका, हजेरीत पुरुष. आणि सगळ्यात मोहक प्रकार म्हणजे फोटोचा फोटो! जुना फोटो समोर धरायचा आणि त्याचाच नवा काढायचा. यावर उपाय काय, तर ग्रामपंचायतीने सगळेच्या सगळे फोटो डोळ्यांनी तपासावेत. म्हणजे मुकादमावर विश्वास नाही म्हणून कॅमेरा आणला, आता कॅमेऱ्यावर विश्वास नाही म्हणून मुकादम परत. मधल्या काळात मोबाइल मात्र विकले गेले.

अंगणवाडीचंही तेच. १ जुलै २०२५ पासून घरी न्यायचा पोषण आहार देताना लाभार्थी बाईचा चेहरा ॲपवर जुळला पाहिजे असा नियम आला. आधारवरचा फोटो लग्नाआधीचा, आता कडेवर एक, हाताला एक आणि पोटात एक. चेहरा कसा जुळावा? वीटभट्टीवर सहा महिने काढून आलेल्या बाईला तिची आई चटकन ओळखत नाही, तिथे सेविकेच्या दहा हजारांच्या फोनने ओळखावं, ही अपेक्षा आहे.

रेशन दुकानात अंगठा. ज्याच्या हाताला काम त्याच्या बोटाच्या रेषा झिजलेल्या, हे यंत्राला कळत नाही. विटा उचलणारे, गवत कापणारे, दगड फोडणारे, सगळे यंत्रापुढे अंगठा आधी पदराला पुसतात, मग कपाळाच्या घामाला लावतात, मग पुन्हा ठेवतात. देशातलं पहिलं आधार कार्ड आपल्याच राज्यात, नंदुरबारच्या टेंभली गावात २९ सप्टेंबर २०१० रोजी दिलं गेलं, तेही एका आदिवासी बाईला. पंतप्रधान आले होते. ओळख द्यायच्या रांगेत आदिवासींना पहिला नंबर मिळाला, हे कोणी नाकारू शकणार नाही.

आणि अंगठ्याची या मुलखाला वेगळी आठवण आहे. डहाणू-तलासरीच्या वारल्यांचे अंगठे पूर्वी सावकार-जमीनदाराच्या कागदावर उठायचे आणि त्या बदल्यात वेठ मिळायची. २३ मे १९४५ रोजी झरी गावात हजारो वारली जमले आणि त्यांनी यापुढे वेठ करणार नाही असं ठरवलं. गोदावरी परुळेकरांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात तो सगळा काळ आहे. सावकाराच्या कागदाशी निदान भांडता यायचं, तो फाडता यायचा. यंत्रावर लाल दिवा लागला तर भांडणार कोणाशी? दुकानदार म्हणतो सर्व्हर, तहसील म्हणते जिल्हा, जिल्हा म्हणतो दिल्ली, आणि दिल्लीला अंगठा दाखवायची पद्धत नाही.

आता गंजाड. चारोटीहून डहाणूकडे जाताना वाटेत हे गाव लागतं. जिव्या सोमा मशे इथलेच. बायकांनी लग्नाच्या चौकासाठी भिंतीवर काढायचं चित्र त्यांनी सत्तरच्या दशकात कागदावर आणलं, जगभर नेलं; २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते गेले. त्यांचं कोणतंही चित्र डोळ्यांपुढे आणा. गेरूवर तांदळाच्या पिठाची पांढरी रेघ, दोन त्रिकोणांचं अंग, वर एक गोल. त्या गोलात डोळे नाहीत, नाक नाही, तोंड नाही. तारप्याच्या फेरात पन्नास माणसं नाचतायत आणि एकाचाही चेहरा नाही. तरी कोण कोण आहे ते कळतं. हा तारपा फुंकतोय, ती धान कांडतेय, तो ताडावर चढलाय, ती पाणी आणतेय. माणूस ओळखायचा तो काय करतोय त्यावरून.

सरकारी ॲपचं बरोबर उलटं. त्याला चेहरा हवा, काम नको. मला एकदा ते पाहायचंय: रोजगार हमीच्या हजेरीला कोणीतरी गंभीरपणे मशेंचं चित्र चढवतंय. पन्नास मजूर, सगळे कामात गुंग, आणि ॲप म्हणतंय, 'चेहरा आढळला नाही.'

*

सगळीच पाळत वरून येत नाही. गडचिंचले याच डहाणू तालुक्यात आहे. १६ एप्रिल २०२०, टाळेबंदी. मुलं पळवणारी, किडन्या काढणारी टोळी फिरतेय अशी अफवा फोनाफोनांतून पाड्यांवर पसरली होती आणि लोक रात्रीचे पहारे देत होते. सुरतेला अंत्यविधीसाठी निघालेले दोन साधू आणि त्यांचा ड्रायव्हर, तिघांना जमावाने पोलिसांच्या देखत मारलं. त्याचे व्हिडिओ देशभर गेले. पुढे पोलिसांनी त्याच व्हिडिओंतून माणसं ओळखली, जंगलात लपलेल्यांना शोधायला ड्रोन उडवले. आधी फोनने घाबरवलं, मग फोनने टिपलं, मग फोननेच पकडून दिलं. त्या रात्री तिथे बघणाऱ्यांची काही कमी नव्हती.

*

शहरातल्या वाचकाला वाटत असेल, बिचारे पाड्यांवरचे लोक. अहो, तुम्ही तर बघून घ्यायला नंबर लावता. १९४९ मध्ये जॉर्ज ऑर्वेलने कादंबरीत 'बिग ब्रदर' नावाचा सर्वांवर डोळा ठेवणारा हुकूमशहा उभा केला. पन्नास वर्षांनी हॉलंडच्या टीव्हीवाल्यांना त्यात करमणूक दिसली. २०१८ मध्ये तो 'बिग बॉस मराठी' होऊन आपल्या दिवाणखान्यात आला आणि शुद्ध मराठीत हुकूम सोडू लागला. ज्या मोठ्या भावाला ऑर्वेल भ्यायला, त्याच्या घरात शंभर दिवस राहायला आता लोक ऑडिशन देतात. २०२४ मध्ये बारामतीकडच्या मोढवे गावचा सूरज चव्हाण जिंकला तेव्हा मला मनापासून बरं वाटलं होतं. तो आधीच रोज स्वतःचे रील काढत होता, त्याच्यासाठी कॅमेरे म्हणजे घरचीच माणसं.

महालक्ष्मीची यात्रा बघा. पूर्वी लांबलांबच्या पाड्यांवरची मुलंमुली इथे भेटायची, एकमेकांना पसंत करायची. गर्दी हाच आडोसा. आता वरून ड्रोन फिरतो. समजा, आकाशपाळण्यात एक जोडी बसलीय, पाळणा वर गेला, ड्रोन खाली आला आणि रात्री त्याचा व्हिडिओ वापीत कारखान्यात कामाला असलेल्या मामाच्या फोनवर. गाणं मागे 'तारपा रिमिक्स'. बोस्टनजवळ जुलै २०२५ मध्ये कोल्डप्लेच्या मैफलीत एका कंपनीचा मुख्य अधिकारी मिठीत असताना मोठ्या पडद्यावर दिसला आणि त्याची नोकरी गेली. आपल्या जोडीची नोकरी जात नाही, लग्न ठरतं. मामा दुसऱ्या दिवशी पाहुणे घेऊन येतो.

पाळतीत निदान नाटकीपणा हवा, तर तो आपल्या राजकारणात आहे. नाना पटोले यांनी २०२१ मध्ये विधानसभेत आरोप केला, की आपला फोन 'अमजद खान' या नावाने टॅप होत होता. आरोपाचं पुढे काय झालं तो वेगळा विषय. पण नाव निवडणाऱ्याने 'शोले' मनापासून पाहिला होता एवढं नक्की. कितने आदमी थे, हे ऐकायलाच कोणीतरी लाइनवर बसलं होतं म्हणायचं.

आणि कायदा? आहे ना. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला, नियम यायला १४ नोव्हेंबर २०२५ उजाडला आणि कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर दीड वर्षाने लागू व्हायच्या. सरकारला आपल्या यंत्रणांना त्यातून सूट देता येते, ते कलम मात्र विसरलेलं नाही. एक तरतूद तर ताबडतोब लागू झाली: माहिती अधिकारातलं कलम बदललं आणि माहिती 'वैयक्तिक' असली की ती नाकारणं सोपं झालं. ज्या महाराष्ट्रात माहितीच्या अधिकारासाठी उपोषणं झाली, तिथे आता हजेरीपटावरची नावं मागायला गेलात तर समोरचा साहेब खुर्चीत मागे रेलून म्हणू शकतो, "ते खासगी आहे हो." बाईचा चेहरा, अंगठा, पोटातलं मूल, सगळं नोंदलेलं, खासगी काय, तर साहेबाच्या टेबलावरचा कागद. नऊ न्यायमूर्तींनी हक्क दिला तो नेमका कोणाच्या पत्त्यावर पोचला, ते टपालखात्याला विचारायला हवं.

*

बोरिवलीचं सांगायचं राहिलं. रविवारी मुलगा उठला तेव्हा टेबलावर फास्टॅगच्या विवरणाची प्रत ठेवलेली होती. खानिवडे, चारोटी, चारोटी, खानिवडे, चारही ओळींखाली लाल रेघ. प्रसादाचा पुडाही शेजारी होता. त्यावर दमणच्या मिठाईवाल्याचं नाव होतं.

बाबांनी घसा खाकरला. मुलाने कागद उचलला, पण तो शनिवारच्या ओळी वाचेना, वरच्या वाचू लागला.

"बाबा, तीन आठवड्यांपूर्वी बुधवारी दुपारी एकला खानिवडे आहे. साडेसहाला परत. चारोटी नाही. म्हणजे मधे कुठेतरी. मनोर? त्या दिवशी तुमचं नरिमन पॉइंटला ऑडिट होतं ना?"

बराच वेळ पंख्याचा आवाज येत होता.

"आई कुठाय?" बाबांनी हळूच विचारलं.

"पोळ्या लाटतेय."

"दार लोटून घे."

मुलाने दार लोटलं. दोघांनी मिनिटभरात काय ते ठरवलं, कागदाचे चार तुकडे केले आणि हात धुवायला उठले. स्वयंपाकघराच्या ओट्यावर, पोळपाटाशेजारी, आईचा फोन उपडा ठेवलेला होता. टोलचा मेसेज टॅग ज्याच्या नंबरावर त्याला येतो. पण हायवेवर वेग जास्त झाला की ई-चलान येतं, ते फोटोसकट, आणि ते गाडी ज्याच्या नावावर असते त्याला येतं.